काकांचा न फोडलेला दगड

भाड्यानं जागा घेताना माणूस पाणी कधी येतं ते विचारतो, पावसाळ्यात छत गळतं का ते विचारतो. घरमालक दगड गोळा करतो का, हे विचारायचं कुणाला सुचतं? मलाही सुचलं नाही. भिसेगावातल्या त्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी पाहिल्या, खिडकीतून डोंगर दिसला आणि खाली न बघताच हो म्हणून बसले. सामानाचा टेंपो आला त्या दिवशी कळलं की जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही कडांना दगड मांडलेले आहेत आणि मधून एका माणसानं, तेही तिरकं होऊन, जाण्याइतकीच वाट आहे. माझं कपाट शेवटी दोर लावून गच्चीवरून चढवावं लागलं. ते अधांतरी लोंबत असताना घरमालक खाली उभे होते, पण त्यांचं लक्ष कपाटाकडे नव्हतं, पायऱ्यांकडे होतं.

"कपाट पडलं तर पडू दे, बाय," ते मला म्हणाले. "कपाट दुकानात मिळतं."

मी त्यांना काका म्हणायची. गावात त्यांना काय म्हणत ते लिहीत नाही, पण त्यात दगड होताच. रेल्वेत घाटातल्या रुळांवर त्यांची उभी हयात गेली होती. रुळाखालची खडी नीट आहे का, कड्यावरून काही निसटलंय का, हे बघत हिंडायचं. एकदा दरड कोसळली, ती हटवताना एक धोंडा फुटला आणि आतल्या पोकळीत पांढरेशुभ्र स्फटिक निघाले. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोटात अशा पोकळ्या असतात. लोक त्या स्फटिकांना गारगोट्या म्हणतात, काका नुसतं 'गार' म्हणत. बाकीच्यांनी आपापले तुकडे दरीत ढकलले. काकांनी एक तुकडा डब्याच्या पिशवीत घालून घरी आणला. लग्न नवं होतं. नवऱ्यानं पिशवीतून काहीतरी गोल आणि जड आणलंय हे बघून काकू कौतुकानं ताट आणि सुरी घेऊन आल्या, कलिंगड असेल म्हणून. "माझ्या पाचवीलाच दगड पुजला होता, तो त्या दिवशी घरात आला," असं काकू सांगायच्या, आणि कितीही वेळा सांगितलं तरी राग ताजाच असायचा.

त्यानंतर दगड येतच राहिले. विहिरीचं काम निघालं की काका हजर, रस्ता रुंद व्हायला लागला की काका हजर. टोमॅटोच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये जुन्या साड्यांच्या चिंध्या घालून त्यात दगड ठेवलेले. पुढची खोली भरली, मग पडवी, मग मोरी, मग जिना. दगड साफ करायला त्यांना दात घासायचे जुने ब्रश लागत. आळीतल्या प्रत्येक घराला ताकीद होती, ब्रश टाकायचा नाही, काकांना द्यायचा. एकदा त्यांनी गच्चीच्या नळावरून माझा चालू ब्रश नेला आणि मी जाब विचारायला गेले तर मलाच समजावलं की त्याचे केस तसेही फाकले होते.

बरं, विकत तरी होते का? नाही. फार्महाउसवाले लोक येत, मोटार दारात लावून वाटेल ती किंमत बोलत. काका हात जोडत. दगड विकायचा नाही, असा त्यांचा नेम होता. कुणाला अगदीच आवडला तर त्यानं बदल्यात दुसरा दगड आणायचा. "दगडाला दगड," एवढं बोलून ते विषय संपवायचे. काकू म्हणायच्या, भांडीवाली बोहारीण परवडली, ती निदान जुनं तरी घेऊन जाते. ह्या नेमामुळे घरातून एक दगड गेला की एक आलाच, आणि दगड कमी होण्याची शक्यताच कायमची बंद झाली होती.

ह्या सगळ्या पसाऱ्यात एक दगड वेगळा होता. पुढच्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बरोबर खाली, चुंबळीवर ठेवलेला. हंडा डोक्यावर घ्यायला करतात तसली कापडाची चुंबळ. दगड कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढा लांब, एका टोकाला जाडसर, बाहेरून काळाकुळकुळीत आणि अगदी सामान्य. कडावला काकांच्या वाडवडिलांची भातशेती आहे, तिथं विहीर खणताना तो निघाला होता. काकांचं म्हणणं असं की तो आतून पोकळ आहे आणि त्याच्या पोटात असं काही आहे जे त्यांच्या दुसऱ्या कुठल्याच दगडात नाही. मग फोडत का नाही? तर योग आला की फोडू. वर्षानुवर्षं योग येत नव्हता, आणि घरात येणाऱ्या प्रत्येक माणसाला, मग तो गॅस सिलिंडरवाला का असेना, तो दगड उचलून कानाशी हलवावा लागे.

"ऐकू आलं?"

"नाही, काका."

"नीट ऐक गं. आत काहीतरी हलतंय."

मला कधीही काहीही ऐकू आलं नाही. भाडं द्यायला गेले की हे ठरलेलं. कधी कधी वाटायचं, एकदाचं हो म्हणावं आणि सुटावं. पण त्या काळात मी पतपेढीत नोकरी करत होते, दिवसभर लोकांच्या खोट्या सबबी ऐकून आणखी एक खोटं बोलायची ताकद उरत नसे.

माझी खरी चूक म्हणजे मी गाडी घेतली. जुनीच, लहानशी. काकांनी तिच्यावरून हात फिरवला, डिकी उघडून बघितली आणि "चांगली हाय, मोठी हाय," म्हणाले. डिकीचं कौतुक करणाऱ्या माणसापासून सावध राहावं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. गॅरेजवाल्यानं पुढं मला विचारलं, मॅडम, तुमचा सिमेंटचा धंदा आहे का?

त्या वर्षी चैत्रात त्यांची मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एकुलती एक, बदलापूरला दिलेली. तिला पुढच्या खोलीतच ठेवावं लागणार होतं, कारण पाळणा टांगायची कडी त्याच खोलीच्या तुळईला होती. आणि कडीच्या खाली क्रेटची उतरंड. काकूंनी आवाज चढवला नाही. त्या नळावर मला म्हणाल्या, "बाय, त्यांना तू सांग. महिन्याभरात खोली मोकळी झाली नाय तर मी पल्लवीला घेऊन माझ्या भावाकडं जाईन. पाळणा काय दगडावर टांगू?"

काकूंचं बोलणं काकांना लागलं होतं. पण उपाय त्यांनी त्यांच्या पद्धतीनं शोधला. खोपोलीला एका मंगल कार्यालयात रत्नं आणि खनिजांचं प्रदर्शन भरणार होतं. तिथं मोठमोठे दर्दी येतात, पुढच्या खोलीतले सगळे दगड एका दिवसात जातील, असं त्यांनी मला सांगितलं. नेमाचं काय, असं मी विचारलं नाही. रविवार होता, गाडी माझी होती आणि पोटुशी पोर पाय पसरायला जागा नाही म्हणून खुर्चीत झोपत होती. मी हो म्हटलं.

सकाळी काकू पल्लवीला घेऊन तपासणीला गेल्या आणि आम्ही क्रेट भरायला लागलो. आमच्या गल्लीला उतार आणि माझ्या गाडीचा हँडब्रेक नावापुरता. चाकाखाली दगड लावायला हवा होता. आता गंमत बघा, दगडांनी भरलेल्या त्या घरात चाकाखाली लावायला दगड मिळेना. हा लावू का म्हटलं तर तो नाजूक. तो लावू का म्हटलं तर त्याची गार निखळेल. शेवटी काका मागच्या दारी गेले आणि धुण्याच्या दगडाजवळ पडलेला वरवंटा घेऊन आले. तो चाकाखाली लावला, क्रेट चढवले आणि निघताना वरवंटा डिकीतल्या एका क्रेटमध्ये टाकला. वाटेत परत लागेल म्हणून.

पुढच्या सीटवर कोण बसलं? तो चुंबळीवरचा दगड. त्याला मागं ठेवायला काका तयार होईनात. वजनामुळे गाडीला वाटलं माणूस बसलाय, आणि ती टुंग टुंग करायला लागली. म्हणून दगडाला पट्टा लावला. काका मागच्या सीटवर दोन क्रेटच्या मधे अंग चोरून बसले, आणि आम्ही तिघं खोपोलीला निघालो.

प्रदर्शनात अर्ध्याहून जास्त टेबलं राशीच्या खड्यांची होती. बाकीच्यांवर मिठाचे दिवे, झोप लागण्यासाठी उशाशी ठेवायचे खडे, नशीब उघडण्यासाठी तिजोरीत ठेवायचे खडे. काकांना कोपऱ्यात पंख्याखाली टेबल मिळालं. त्यांनी गारा मांडल्या. खरं सांगते, मांडल्यावर मीही जवळ सरकले. जिन्यावर ज्यांना मी ठेचा खात शिव्या घातल्या होत्या ते दगड पांढऱ्या कापडावर बघितले तर गुलाबी पाकळ्यांसारखे थर, केसाइतक्या बारीक सुया, आणि पंख्याच्या वाऱ्यानं त्या सुया हलत होत्या. लोक जमले. मला वाटलं, जमलं आता, संध्याकाळी मोकळी गाडी घेऊन घरी जाऊ.

एका बाईंनी मोठा गुलाबी तुकडा उचलून विचारलं, हा घरात ठेवल्यानं काय होतं?

"जागा अडते," काका म्हणाले.

बाई तुकडा ठेवून निघून गेल्या. दुसऱ्या एका गृहस्थांनी पाकीट काढलं, तर काकांनी त्यांनाच विचारलं, तुमच्याकडं बदल्यात काय हाय? त्यांच्याकडे पाकीट होतं, दगड नव्हता. पण बाकीच्या टेबलांवर दगड होते, आणि दुपारपर्यंत काकांनी अदलाबदलीचा असा सपाटा लावला की टेबलावर सकाळचे निम्मेही दगड उरले नव्हते आणि तरी टेबल भरलेलंच होतं. मी त्यांना बाजूला घेऊन पल्लवीची आठवण करून दिली. ते म्हणाले, अगं, हे लहान आकाराचे घेतलेत, जागा कमी लागेल.

तिथं एकानं दगड कापायचं यंत्र आणलं होतं. पाण्याच्या धारेखाली चकती फिरते आणि दगडाचे भाकरीसारखे दोन सपाट भाग होतात. घणानं फोडला की आतल्या गारेचा चुरा होतो, चकतीनं तसं होत नाही. त्या माणसानं काकांचा काळा दगड हातात घेतला, बोटांनी वाजवला आणि म्हणाला, पोकळ आहे, फुकट कापून देतो, मलाच बघायचंय आत काय ते. चार लोक गोळा झाले. कुणी मोबाइल काढले. मीसुद्धा टाचा उंचावल्या. इतक्या वर्षांचा योग एकदाचा आला होता.

काकांनी दगडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग म्हणाले, "आज नको. पोरगी अडकलेली हाय माझी. तिचं सुखरूप होऊ द्या, मग नातवंड मांडीवर घेऊन कापू." त्या माणसानं पत्ता दिला, कधीही या म्हणाला. काकांनी तो पत्ता मला तीनतीनदा वाचून दाखवायला लावलं, कारण न्यायचं मलाच होतं.

मी भुकेनं कासावीस होऊन बाहेर वडे आणायला गेले, आणि परत येईपर्यंत आणखी एक सौदा झालेला होता. रिसॉर्टांना जुन्या वस्तू पुरवणारा एक माणूस होता. जाती, उखळं, पाटे, असं गावागावातून गोळा करायचा आणि हौस म्हणून गाराही ठेवायचा. त्याला रिकाम्या क्रेटमध्ये पडलेला वरवंटा दिसला. आणि काकांना त्याच्या टेबलावर एक हिरवी गार दिसली. बोराएवढी, पण काचेसारखी पारदर्शक. काकांना उभ्या आयुष्यात हिरवी मिळाली नव्हती. दगडाला दगड. वरवंटा गेला, गार आली.

"घरात मिक्सर हाय," काका वडा खाता खाता म्हणाले. "वरवंटा नुसता पडून असतो."

आता सरळ घरी जावं की नाही? पण हिरवी हातात आल्यापासून त्यांच्या डोळ्यांत वेगळंच तेज आलं होतं. एक सापडली म्हणजे आणखी असणार. वाट वाकडी करून लोधिवलीच्या बाजूला जाऊ, पाच मिनिटांचं काम. तिथं त्यांचं वाळवंट होतं. रायगड जिल्ह्यात, भाताच्या खाचरांपासून हाकेच्या अंतरावर, वाळवंट शोधून काढणारा हा पहिला माणूस असावा. बंद पडलेली दगडखाण होती ती. क्रशर उठून गेले होते, मागं राहिले होते राखाडी भुकटीचे ढीग आणि अर्धा कापलेला डोंगर. झाड नाही, गवत नाही, पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत भुकटी. वैशाखातली दुपार. काकांनी डोक्याला ओला पंचा गुंडाळला, एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात छत्री. ती छत्री त्यांनी मला दिली तेव्हा मला भरून आलं. मग त्यांनी सांगितलं की ती क्रेटवर धरायची आहे, उन्हानं काही गारांचा रंग उडतो.

गाडीत काच बंद करून दगड तापतील म्हणून दोन क्रेट बाहेर काढले होते. मी त्या वाळवंटात, उन्हात, दोन क्रेट दगडांवर छत्री धरून उभी राहिले. काका कड्याच्या पायथ्याशी टकटक करत फिरत होते. मधेच हाक मारत, काहीतरी सापडलंय म्हणून बोलवत, मी जाऊन बघितलं की पांढराच तुकडा असायचा.

ठाकरवाडीतली एक बाई करवंदांची पाटी घेऊन त्या वाटेनं हायवेवर विकायला निघाली होती. काकांनी तिला थांबवून ती हिरवी गार दाखवली. असलं हिरवं कधी इथं बघितलंस का, म्हणून विचारलं.

ती आमच्याकडे, मग क्रेटवरच्या छत्रीकडे बघून म्हणाली, "बाबा, हितं हिरवं कायच नाय. हिरवं असतं तर मी शेरडं आणली नसती का?"

तिनं मला मूठभर करवंदं दिली. काकांनी बदल्यात तिला एक गार देऊ केली. तिनं ती नम्रपणे परत क्रेटमध्ये ठेवली. मला तिचा इतका हेवा वाटला की सांगता येत नाही. तिला तो दगड नको म्हणता आला आणि ती निघून गेली.

दिवेलागणीला घरी पोचलो. काकू दारात होत्या. त्यांनी गेले तेवढेच क्रेट परत उतरताना बघितले. मागच्या दारी गेल्या. थोड्या वेळानं तिथूनच विचारलं, वरवंटा कुठाय? पाचवीला लागेल म्हणून त्या पाटा-वरवंटा घासून ठेवायला निघाल्या होत्या.

काकांनी हिरवी गार तळहातावर ठेवून पुढं केली आणि दगडाला दगड झाल्याचं सांगितलं.

ज्या घरात बारसं, त्या घरचा वरवंटा लागतो. त्याला टोपडं घालतात, काजळ लावतात, बाळाच्या आधी त्याला पाळण्याखालून आणि वरून फिरवतात आणि मग बाळाच्या शेजारी निजवतात. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. हे मलाही माहीत होतं, काकांना तर होतंच. पण चाकाखाली लावताना तो त्यांना नुसता दगड दिसला होता, आणि तोही गार नसलेला.

काकू जिन्याच्या पायरीवर, दोन दगडांच्या मधे बसल्या. "तुमच्या आईनं तो माझ्या वटीत घातलेला," त्या म्हणाल्या. "तुमी त्याच्या संगती पाळण्यात निजलेले. माझी पल्लवी निजलेली. आणि आता नातवंडाची पाळी आली तर तुमी तो देऊन काय आणलंत? बोर?"

त्या दिवसापासून काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. संसार चालू होता, पण माझ्यामार्फत. त्यांना सांग, चहा ठेवलाय. तिला सांग, दूधवाला आलाय. दोघंही एकाच खोलीत आणि मी वरून खाली बोलावली जायची. पतपेढीत व्हाउचरं लिहिताना मला काकूंचा फोन यायचा, त्यांना सांग की पाणी आलंय. ते तुमच्या शेजारीच आहेत ना, मी विचारायची. आहेत, पण तू सांग.

वरवंटा आणायला आम्ही गेलो नाही असं नाही. त्या माणसाचा पत्ता काढला तर वरवंटा कडावच्या पुढं, नदीकाठच्या एका रिसॉर्टला गेलेला. जेवणघराच्या दाराशी ओटा बांधून त्यावर चूल, जातं, पाटा आणि काकांच्या आईचा वरवंटा सिमेंटमध्ये पक्का बसवला होता. पर्यटक शेजारी उभं राहून फोटो काढत होते. काका गुडघे टेकून खाली बसले आणि दोन्ही हातांनी वरवंटा धरून हलवून बघायला लागले.

"बाबा, हात नका लावू," वॉचमन म्हणाला. "शोचा हाय तो."

"माजा हाय तो," काका म्हणाले.

मॅनेजर आला. भला माणूस होता, पण सिमेंट फोडलं तर वरवंटाही राहणार नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. काकांनी बोटांनी वाजवून बघितलं आणि मान हलवली. खरं होतं ते. तरी त्यांनी खिशातून रुमालात बांधलेली हिरवी गार काढून पुढं केली. मॅनेजरनं ती उलटसुलट करून बघितली आणि आमच्याकडे फिश टँक नाही म्हणून परत दिली.

परतीच्या वाटेवर एका शेतात विहिरीचं काम चाललं होतं, कडेला ताज्या दगडांचा ढीग पडला होता. मी आपणहून गाडी हळू केली. काकांनी तिकडे बघितलंही नाही.

पल्लवीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पाचवीला काकूंनी नुसता पाटा पुजला. आळीतल्या बायकांनी आपापले वरवंटे देऊ केले, पण काकू अडून बसल्या. घरात एवढे दगड आणि पोरीच्या शेजारी दुसऱ्याचा दगड निजवू? खोली मात्र मोकळी झाली. कशी, ते विचारू नका. पुढच्या खोलीतले सगळे क्रेट माझ्या बाहेरच्या खोलीत आले आणि मी महिनाभर स्वयंपाकघरात झोपले.

बारशाच्या दिवशी खोली बायकांनी भरली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा. पाळण्याच्या एका बाजूला काकू उभ्या, दुसऱ्या बाजूला घ्यायला मी, कारण पल्लवीला बहीण नव्हती. पल्लवीची सासू म्हणाली, आणा वरवंटा. काकू भिंतीकडे बघत राहिल्या. कुणीतरी परत म्हणालं. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात बायकांच्या गर्दीतून वाट काढत काका आत आले. हातात चुंबळ आणि चुंबळीवर तो काळा दगड. घासून लख्ख केलेला, आणि माझ्या नव्या ब्रशनं घासलेला असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांनी तो काकूंच्या हातात दिला.

"कडावच्या विहिरीतला हाय. आपल्याच जमिनीतला."

काकूंनी दगडाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. कित्येक दिवसांनी त्या नवऱ्याशी सरळ बोलल्या. "ह्याला टोपडं घातलं की मंग घण नाय लागायचा ह्याला. ती चकती पण नाय."

"नाय."

"मरेपर्यंत कळायचं नाय तुमाला, आत काय हाय ते."

"नाय कळायचं," काका म्हणाले. "घाल टोपडं."

जाड टोकाला टोपडं बसेना, काकूंनी नाड्या सैल करून बसवलं. काजळाचं बोट लावलं. मग वाकून तो पाळण्याखालून माझ्याकडे दिला, आणि देताना मानेखाली हात धरला होता. मी तो घेतला आणि पाळण्यावरून परत दिला, पुन्हा खालून आला, पुन्हा वरून गेला. बायका गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत होत्या, पोरं ओरडत होती, बाहेर मांडववाला कुणाशी तरी भांडत होता. मी सहज दाराकडे बघितलं. काका चौकटीला टेकून उभे होते, आणि भुवया उंचावून मला लांबूनच विचारत होते.

ऐकू आलं?

एवढ्या गलक्यात मला शेजारची बाई काय म्हणते ते ऐकू येत नव्हतं, दगडातलं कुठून येणार? पण त्यांचा तो चेहरा बघून मी मान डोलावली. आलं.

तिथं मी कायमची अडकले. आता तो दगड फोडायचा नाही, त्यामुळे त्याच्या पोटात काय आहे याची एकुलती एक साक्षीदार मी. पुढं माझी बदली झाली, मी पनवेलला राहायला गेले, गाडीसुद्धा विकली. तरी रविवारी सकाळी, मी जरा उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं की नेमका फोन वाजतो. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

"बाय, परत एकदा सांग. कसा आवाज होता?"

मी डोळे मिटूनच सांगते, "काचेच्या बांगड्या कुणीतरी हळूच उतरून ठेवाव्यात ना, तसा, काका."

"हां," काका म्हणतात. "मला वाटलंच."